चिपळूणची बाजारपेठ: जुलैत माल भरायची हिंमत कोण देणार?

छोट्या शहराची जुनी बाजारपेठ पुन्हा चालती करायची म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रस्ताव येतो सुशोभीकरणाचा. पेव्हर ब्लॉक, एलईडी दिवे, एक कमान, चौकात कारंजं आणि शहराच्या नावाची ती मोठी अक्षरं, ज्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढायचा. चिपळूणबद्दल बोलताना हे सगळं बाजूलाच ठेवावं लागतं. इथल्या दुकानदाराचा प्रश्न बाजार कसा दिसतो हा नाहीच, त्याला जूनच्या शेवटी ठरवायचं असतं की गणपतीचा माल आत्ता उचलायचा का, उचलला तर किती, आणि ठेवायचा कुठे. या तिन्हीचं उत्तर त्याला बिनधास्त देता आलं तर बाजार आपोआप वाढतो, नाही देता आलं तर कितीही दिवे लावा, शटरच्या आत अर्धीच फळी भरलेली दिसणार.

बाहेरचे लोक हमखास विचारतात, की एवढं पाणी भरतं तर बाजार तिथे केलाच कशाला? अहो, पाण्यामुळेच केला. दाभोळच्या खाडीतून भरतीबरोबर गलबतं वाशिष्ठीतून वर गोवळकोटपर्यंत यायची, तिथे माल उतरायचा आणि बैलांवरून कुंभार्ली घाट चढून कराडकडे देशावर जायचा. मीठ, सुकी मासळी, नारळ वर, धान्य आणि गूळ खाली. बंदर आणि घाट यांच्या मध्ये जो सपाट तुकडा होता तिथे पेठ बसली, एका बाजूला वाशिष्ठी, मधून शिव नदी. गलबतं गेली, बंदर गेलं, पण बाजार जागेवरच राहिला आणि भरतीही राहिली. वरून पुराचं पाणी येत असताना खालून भरती लागली की पाणी पुढे सरकतच नाही, ते शहरात पसरतं. त्यात कोयनेची भानगड. कोयना खरं तर कृष्णेच्या खोऱ्यातली, पण वीज बनवायला तिचं पाणी सह्याद्रीतून पश्चिमेकडे वळवलंय, वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), ते पोफळीला वीज करून कोळकेवाडी धरणात येतं, तिथून अलोऱ्याला पुन्हा वीज, आणि शेवटी वाशिष्ठीत. म्हणून तर कोकणातल्या बाकी बऱ्याच नद्या मेमध्ये कोरड्या पडतात आणि वाशिष्ठी वाहती असते. पण पावसाळ्यात कोळकेवाडीतून किती सोडलं, कधी सोडलं, सांगून सोडलं का, यावर चिपळूणमध्ये दोन माणसं भेटली की वाद सुरू होतो आणि तो मिटत नाही.

२६ जुलै २००५ ला बाजार बुडाला होता. त्यानंतर सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, पहाटेपासून पाणी चढत गेलं ते बाजारपेठेत तळमजले बुडवून काही ठिकाणी पहिल्या मजल्याला लागलं. वेळ बघा कशी आली. आदल्या दिवशी बकरी ईद झालेली, दोन दिवसांवर गुरुपौर्णिमा म्हणजे उधाणाची भरती, आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेचे निर्बंध जरा सैल झाले म्हणून दुकानदारांनी दोन-तीन महिन्यांची कसर भरून काढायला माल भरलेला, कारण १० सप्टेंबरला गणपती. म्हणजे वर्षभरात दुकानात सगळ्यात जास्त पैसा अडकलेला असतो नेमक्या त्याच आठवड्यांत नदी आत आली. एसटी आगाराच्या लोकांनी बसच्या टपावर बसून आगाराची जवळपास नऊ लाखांची रोकड सांभाळली ही गोष्ट तेव्हा सगळीकडे गाजली. दुकानदाराकडे असा टप नव्हता, त्याची रोकड मालाच्या रूपात रॅकवर होती.

आता इथून पुढचं जे आहे ते मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. पाणी ओसरल्यावर बाहेरून स्वयंसेवक आले, बाहेरच्या महापालिकांची पथकं आली, चिखल निघाला, शटर पुन्हा वर गेली. ३ ऑगस्टला राज्य सरकारने ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के पण जास्तीत जास्त ५० हजार, आणि टपरीवाल्याला जास्तीत जास्त १० हजार. टपरीवाल्याला दहा हजारांत स्टोव्ह, भांडी, चार बरण्या असं काहीतरी पुन्हा उभं करता येतं. पण कपड्याच्या दुकानाला ५० हजार म्हणजे एका गठ्ठ्याचे पैसे. बाकीचं कुठून येणार? विम्यातून, असं सगळे धरून चालतात. आणि इथेच गोची आहे.

समजा एक कपड्याचं दुकान आहे, त्याने बँकेतून कॅश क्रेडिट, म्हणजे मालावर मिळणारं फिरतं कर्ज घेतलंय. बँक मालाचा विमा सक्तीने काढायला लावते, पण तो काढताना कर्जाच्या रकमेएवढा काढला जातो, मालाच्या खऱ्या किमतीएवढा नाही. दुकानात माल २० लाखांचा, विमा १० लाखांचा. पुरात ८ लाखांचा माल गेला. दुकानदाराला वाटतं विमा १० चा आहे, ८ तर मिळतीलच. मिळतात ४. कारण पॉलिसीत ॲव्हरेजचं कलम असतं, माल जेवढ्याचा आहे त्याच्या निम्म्याचाच विमा काढलास तर नुकसानही निम्मंच भरून देणार. वर पॉलिसीवर बँकेचं नाव आधी, म्हणजे ते चार लाख आधी कर्जखात्यात जमा. हातात काय आलं तर पुन्हा माल उचलायची थोडी मर्यादा, आणि तीही दर महिन्याला बँकेला द्यायच्या मालाच्या हिशोबावर, स्टॉक स्टेटमेंटवर ठरणार, ज्यात आता आठ लाखांचा माल कमी. अजून एक आहे, ते तर कुणाला माहीतच नसतं. जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच) म्हणतं की माल हरवला, चोरीला गेला, नष्ट झाला तर त्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, उलटवावं लागतं. म्हणजे माल नदीत गेला आणि त्यावरचा कर मात्र दुकानदाराच्या गळ्यात. त्यामुळे विम्याची रक्कम ठरवताना कर धरून ठरवायला हवी, जी बहुतेक जण धरत नाहीत. एक गोष्ट बरी झाली, २००५ ला बिलं भिजली की संपलं, विमा कंपनीच्या सर्व्हेअरला दाखवायला काही नसायचं, आता खरेदीची नोंद जीएसटीच्या पोर्टलवर राहते, तिला पाणी लागत नाही.

१ एप्रिल २०२१ पासून, म्हणजे पुराच्या चारच महिने आधी, छोट्या धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची ठरावीक नमुन्याची पॉलिसी आलीय, एकूण मूल्य ५ कोटींपर्यंत असलेल्यांसाठी, पूर त्यात धरलेला आहे आणि विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तरी ते ॲव्हरेजचं कलम लागत नाही. पंधरा टक्के फार नाहीत, पण गणपतीच्या आधी वाढलेल्या मालाची थोडा आधार होतो. माझं म्हणणं असं की व्यापारी संघटनेने एका वर्षी वर्धापनदिनाचा कार्यक्रम ठेवला नाही तरी चालेल, पण मे महिन्यात दोन दिवस बसून प्रत्येक सभासदाची पॉलिसी उघडून बघावी, आकडा खरा आहे का. शंभर दुकानांचे आकडे दुरुस्त झाले तर पुढच्या पुरानंतर बाजार सहा महिने आधी उभा राहील, आणि याला नगरपरिषदेचा एक रुपया लागत नाही.

पूर गेला आणि लगेच दुसरी गोष्ट झाली जी पुराच्या हिशोबात कुणी धरत नाही. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ एसटीचा संप. चिपळूणच्या बाजाराचं रोजचं गिऱ्हाईक मुंबईचा चाकरमानी नाहीये, तो गणपतीत, शिमग्यात आणि मेमध्ये येतो. रोजचं गिऱ्हाईक म्हणजे दसपटीतून, अलोरे-शिरगावकडून, मार्गताम्हान्याकडून सकाळच्या गाडीने येणारी माणसं, ज्यांना डॉक्टर, तहसील, बँक, मग बाजार आणि दुपारची गाडी असा एकच फेरा करायचा असतो. पुरानंतर नुकतीच सावरत असलेली दुकानं आणि समोर गिऱ्हाईकच नाही. त्या काळात ज्यांच्याकडे स्वतःची दुचाकी होती ते खेडेगावातले लोकही हायवेच्या बाजूला जिथे गाडी लावता येते तिथेच खरेदी करून परत फिरायला लागले, आणि एकदा पडलेली सवय मोडत नाही. म्हणून बसस्थानकाचा मुद्दा मला कारंज्यापेक्षा शंभर पटीने मोठा वाटतो. स्टँड बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हे चिपळूणचं नशीब आहे, कित्येक शहरांनी स्टँड गावाबाहेर नेऊन स्वतःचा बाजार मारला. पण त्याच स्टँडच्या नव्या इमारतीचं काम वर्षानुवर्षं रखडलं, आणि पावसात छत्री धरून गाडीची वाट बघणारी बाई दोन पिशव्या घेऊन बाजारात अजून अर्धा तास फिरेल अशी अपेक्षा कशी ठेवणार?

गाळाबद्दल बोलायलाच हवं. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केलं, मुख्य मागणी अशी की वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा. आणि निघाला. जलसंपदा विभागाची यंत्रं लागली, नाम फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था उतरली, नदीत तयार झालेली बेटं कापली गेली. हे आंदोलन व्यापाऱ्यांनी, डॉक्टरांनी, वकिलांनी, सगळ्यांनी मिळून केलं आणि मला विचाराल तर चिपळूणच्या बाजाराच्या पुनरुज्जीवनातला आजवरचा सगळ्यात ठोस निर्णय हाच, कारण नदीची पोटं मोकळी झाल्यावर दुकानदाराला निदान वाटायला लागलं की साधा पाऊस साधाच राहील. पण गाळाचं दुखणं दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे तो दरवर्षी येणार, वरच्या उतारांवर झाडं तुटतायत, दरडी कोसळतायत, त्यामुळे एकदा काढला आणि फोटो काढले असं होत नाही, तो दर उन्हाळ्याचा खर्च आहे, बजेटात कायमची ओळ लागते. दुसरं म्हणजे काढलेला गाळ जातो कुठे? शेतात गेला तर सोनं. पण तो जर कुणाच्या सखल प्लॉटवर भराव म्हणून पडला तर नदीतून काढलेली जागा आपण नदीच्याच काठावर परत भरून दिली, पाणी मग शेजाऱ्याकडे जातं. डंपर कुठून निघाला हे सगळे बघतात, कुठे रिकामा झाला ते बघायला कुणी नसतं.

पूररेषेवरून शहरात खूप राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्याच्या आत नवं बांधकाम जवळपास बंद, निळ्या-लालच्या मध्ये अटींवर. चिपळूणचा बाजार बघता बघता रेषेत सापडतो. बिल्डर म्हणतो रेषा हलवा, पर्यावरणवाला म्हणतो हात लावू नका, आणि मधल्या मध्ये जुन्या घराचा मालक म्हणतो मी काय करू. कारण या इमारतींचं आणखी एक त्रांगडं आहे, पागडी. दुकान पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने, भाडं चहापाण्याएवढं, १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा भाडेकरूला संरक्षण देतो. मालकाला दुरुस्तीत रस नाही कारण मिळकत नाही, भाडेकरू स्वतः खर्च करत नाही कारण इमारत पाडली तर आपला हक्क राहील का याची धास्ती. मग कौलं गळतात, वरचा मजला रिकामा, कबुतरांना दिलेला, आणि सगळा धंदा तळमजल्यावर, म्हणजे नेमका जिथे पाणी येतं तिथे!

हे उलटं करायला हवं आणि माझा सगळा भर यावर आहे. बाजारात वर काय आणि खाली काय हे नीट ठरलं पाहिजे. पुराचं पाणी प्रत्येक धंद्याला वेगळं बाधतं. साखर विरघळते, सिमेंटचं पोतं दगड होतं, पीव्हीसी पाइप मात्र धुवून पुन्हा विकता येतो. कपडा दोन माणसं तासाभरात माळ्यावर चढवतात, झेरॉक्सचं मशीन नाही चढवता येत. औषधाच्या दुकानातला इन्सुलिनचा फ्रीज लाइट गेल्यावर तसाही गेलाच. याउलट मच्छीवाली, भाजीवाला, वडापाव, चहा, सलून, चपला शिवणारा, यांचा माल रोजचा रोज येतो आणि जातो, पुराचा मेसेज आला की ते टोपली उचलून निघतात आणि चिखल धुतला की तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. म्हणजे तळमजला या लोकांना द्यायचा, रस्त्यावरची वर्दळ यांच्यामुळेच असते, आणि आपल्याकडे नेमकं यांनाच अतिक्रमण म्हणून हटवायची पद्धत. २०१४ चा फेरीवाला कायदा नगर पथविक्रेता समिती बसवायला सांगतो, जागा ठरवायला सांगतो, ते नीट केलं तर बाजाराला माणसं मिळतात. आणि डॉक्टर, सीए, क्लासेस, शिंपी, मोबाइल रिपेअर, कपड्याचा मुख्य साठा, हे सगळं वर. वर जायला जिना लागतो, आणि जुन्या घरांत जिना असतो तो दुकानाच्या आतून, उभा, लाकडी, साठीच्या बाईने चढायचा विचारही करू नये असा. रस्त्यावरून थेट वर जाणारा, रेलिंगवाला, दिवा असलेला जिना काढायला नगरपरिषदेने सुटसुटीत परवानगी आणि थोडं अनुदान दिलं, मालक आणि भाडेकरू यांच्यात एक साधा करार करून दिला की जिन्याने आणि वरच्या दुरुस्तीने कुणाचाही मूळ हक्क बदलत नाही, तर कमानीच्या पैशात वीस-पंचवीस इमारतींचे वरचे मजले जागे होतील. मग संध्याकाळी आठनंतरही वर लाइट दिसेल, आणि जिथे लाइट दिसते तिथे माणूस फिरतो. विजेचे मीटर मात्र आधी वर न्या, ते अजून कित्येक ठिकाणी कमरेच्या उंचीवर आहेत.

वाचनालयाचं उदाहरण बघा. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं, २००५ लाही बुडालं, २०२१ लाही, आणि दोन्ही वेळा पुस्तकांचा लगदा झाला. तरी ते उभं राहिलं, मधल्या काळात २०१३ ला अखिल भारतीय साहित्य संमेलनही चिपळूणलाच झालं. लोक याला जिद्द म्हणतात, आहेच, पण मला त्यात कामाची गोष्ट दिसते ती अशी, की अशा संस्थेमुळे खरेदी नसलेला माणूसही बाजाराच्या बाजूला येतो आणि येता येता भाजी घेऊन जातो.

हायवेचं थोडक्यात. चौपदरीकरण झालं, बहादूरशेख नाक्याच्या उड्डाणपुलाचा भाग ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधता बांधता कोसळला, काम लांबलं. पूल पूर्ण झाला की गाड्या डोक्यावरून जाणार. याचं काही व्यापाऱ्यांना भय वाटतं, मला तसं वाटत नाही. गोव्याला निघालेला माणूस चिपळूणच्या पानगल्लीत कधीच येत नव्हता, तो नाक्यावर चहा पिऊन पुढे जायचा. बाजाराची स्पर्धा गोव्याच्या गाडीशी नाही, उंचावरच्या नव्या दुकानांशी आहे, जिथे पार्किंग आहे आणि पाण्याचं टेन्शन नाही. पर्यटनाचंही तेच, मगर बघायला वाशिष्ठीत बोटीने फिरवतात हे छान आहे, पण २०२४ च्या पावसात मगर स्वतःच रस्त्यावर फिरायला आलेली सगळ्या देशाने बघितली, त्यामुळे जाहिरात आता पुरे!

शेवटी पुन्हा माल. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर, हे आकडे आता पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर फिरतात आणि शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. पण मेसेज आल्यावर माल नेणार कुठे? पोटमाळा दोन-तीन फूट पाण्याला पुरतो, २०२१ ला नाही पुरला. म्हणून उंचावर, कुठेही लाल रेषेबाहेर, फक्त १५ जून ते गणपतीपर्यंत भाड्याने घ्यायचं एक सामायिक गोदाम, ज्यात गणपतीचा जादाचा माल राहील आणि दुकानात फक्त आठवड्याचा. भाडं पन्नास दुकानांत वाटलं तर जड नाही, टेम्पो रोज सकाळी एक फेरी मारेल, विमा कंपनीकडे पॉलिसीत ती दुसरी जागा म्हणून आधीच लिहून घ्यायची, नाहीतर तिथला माल विम्यात धरला जाणार नाही. कागदावर सगळं जमतं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. माझा माल किती आला, कुठल्या भावाने आला, कुठल्या सुरतवाल्याकडून आला हे शेजारच्या दुकानाला कळता कामा नये, ही भीती पुराच्या भीतीपेक्षा मोठी आहे. त्यामुळे एकच मोठा हॉल घेऊन चालणार नाही, आत पत्र्याचे वेगळे गाळे, प्रत्येकाला स्वतःचं कुलूप, आणि बाहेरच्या दाराची चावी कुठल्याच व्यापाऱ्याकडे नाही, पगारी वॉचमनकडे. याने भाडं थोडं वाढेल, पण तेवढं वाढवून घेतलं तरच पहिल्या वर्षी पन्नासांतले पंधरा तरी येतील.